दंगल शमल्यानंतरची शाळा : मानवी हक्क आणि समेटासाठी शिक्षकांनी करावयाचे काम

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडामध्ये आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मुरांबी येथील तंत्रशाळेच्या इमारतीत आश्रयाला आलेल्या, तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या हजारो लोकांची तिथेच कत्तल झाली, आणि देशभर मारणाऱ्यांच्या जमावांत शिकलेली माणसे होती, काही ठिकाणी शिक्षकही होते. हुतू हा तिथला बहुसंख्य समाज; त्याआधी कित्येक वर्षे तिथल्या वर्गांत ‘हुतू उभे राहा’, ‘तुत्सी उभे राहा’ असे सांगून मुलांची मोजणी होत असे. शिक्षण वाढले की तेढ आपोआप ओसरते, हा आपल्याकडचा लाडका समज या एका उदाहरणापुढे टिकत नाही. शाळा भांडणाला खतपाणी घालू शकते तशी ती भांडण थांबवूही शकते. यांपैकी काय घडेल हे बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातल्या धड्यांपेक्षा शाळेच्या रोजच्या व्यवस्थेवरून ठरते.

ज्या गावात किंवा वस्तीत धार्मिक वा जातीय हिंसा होऊन गेली आहे, तिथल्या शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाविषयी जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात या शिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत : हक्कांविषयीचे शिक्षण, हक्क पाळून दिलेले शिक्षण आणि हक्क बजावण्यासाठीचे शिक्षण. आपल्या शाळा पहिल्या भागापासून सुरुवात करतात आणि बहुधा तिथेच थांबतात. संघर्षानंतरच्या शाळेत मात्र दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलाला वर्गात बसायची भीती वाटते, त्याला समतेची व्याख्या पाठ करायला लावण्यात काही अर्थ नसतो.

पहिले पाऊल : हजेरीपत्रक

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सर्वप्रथम हजेरीपत्रक घेऊन बसावे आणि कोण परतले नाही याची यादी करावी. यादीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी शिक्षकाने स्वतः जावे, आणि शक्यतो दोन शिक्षकांनी मिळून जावे, त्यातला एक त्या मुलाच्या समाजाबाहेरचा असावा. निरोप धाडून हे काम होत नाही, कारण शाळेने आपली आठवण ठेवली का, हेच पालक त्या दिवसांत पाहत असतात. मुले न येण्याची कारणे साधी असतात : शाळेचा रस्ता दुसऱ्या मोहल्ल्यातून जातो, दप्तर जळाले, कुटुंब नातेवाइकांकडे गेले, मोठ्या भावाला अटक झाली. रस्त्याचा प्रश्न असेल तर काही आठवडे मुलांना गटाने आणण्या-सोडण्याची व्यवस्था करावी.

दुसऱ्या गावाहून विस्थापित होऊन आलेल्या मुलांच्या बाबतीत शिक्षण हक्क कायदा, २००९ नीट वाचावा. दाखला मिळायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणांवरून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तरीही ‘आधी दाखला आणा’ असे सांगून मुले परत पाठवली जातात, आणि ज्यांचे घरच जळाले आहे त्यांच्याकडे कागद कुठून असणार, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

दुसरे पाऊल : पहिले पंधरा दिवस

या काळात दंगलीतल्या घटनांवर वर्गात चर्चा घेऊ नये. मुलांना हवी असते ती ओळखीची शिस्त : ठरलेली घंटा, परिपाठ, कविता, गणित, खेळाचा तास. ‘तू काय पाहिलेस ते सांग’ असे सगळ्या वर्गासमोर कोणालाही विचारू नये. चांगल्या हेतूने विचारलेला हा प्रश्न त्या मुलाला पुन्हा त्या रात्रीत नेऊन सोडतो आणि ऐकणाऱ्या मुलांमध्ये आमची बाजू, त्यांची बाजू अशी फाळणी करतो. चित्रे काढू द्यावीत, पण ती भिंतीवर लावू नयेत आणि पाहुण्यांना दाखवू नयेत. एखादे मूल आपणहून बोलू लागले तर बाजूला बसून पूर्ण ऐकून घ्यावे, त्याचे म्हणणे दुरुस्त करू नये.

झोप न लागणे, लहानसहान आवाजाने दचकणे, अचानक अबोला धरणे, अंथरूण ओले करण्याची सवय परतणे ही लक्षणे काही आठवड्यांनंतरही राहिली, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मदत घ्यावी. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो. शिक्षक स्वतःही त्याच गावात राहतो आणि त्याचेही काही गेलेले असू शकते, म्हणून हा क्रमांक शिक्षक-खोलीतही लावलेला असावा.

तिसरे पाऊल : रोजच्या रिवाजांची झडती

हे पाऊल सगळ्यांत महत्त्वाचे आहे, आणि ते उचलायला ना निधी लागतो ना परवानगी. एक संपूर्ण दिवस शाळा परक्याच्या नजरेने पाहावी आणि वहीत नोंदी कराव्यात. हजेरी घेताना कोणती नावे नीट उच्चारली जातात आणि कोणत्या नावांची मोडतोड होते? मुले बाकांवर कशी बसतात, आणि ती तशी बसली की बसवली गेली? पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी नसते? पाण्याच्या टाकीवर कोण थांबून राहते? वर्ग झाडायला नेहमी कोणाला सांगितले जाते, आणि ध्वजवंदनाला दोरी कोणाच्या हातात दिली जाते?

रवांडातल्या मोजणीने आपण हादरतो. पण ‘शिष्यवृत्तीची मुले उभी राहा’ हे वाक्य आपल्या किती वर्गांत भरल्या तासाला उच्चारले जाते! उद्देश वेगळा असतो हे खरे. परंतु उभ्या राहिलेल्या मुलाला आणि बसून पाहणाऱ्या मुलाला त्यातून जो धडा मिळतो, तो फारसा वेगळा नसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज पालकांना बोलावून किंवा मधल्या सुट्टीत कार्यालयात भरून घेता येतात. त्यात शिक्षकाचा थोडा वेळ जातो, एवढाच त्याचा खर्च. आडनाव विचारून जात ताडण्याची सवय हाही असाच एक रिवाज आहे, आणि तो मुलांपेक्षा शिक्षक-खोलीत अधिक चालतो. दंगलीनंतर ‘त्या लोकांची मुले’ असा शब्दप्रयोग त्या खोलीत ऐकू आला, तर मुख्याध्यापकांनी तो तिथल्या तिथे थांबवावा, कारण खोलीतली भाषा संध्याकाळपर्यंत वर्गात पोहोचलेली असते.

येथे बोस्नियाचे उदाहरण उपयोगी पडते. १९९५ च्या डेटन कराराने तिथले युद्ध थांबल्यानंतर परतणाऱ्या निर्वासितांच्या मुलांना शाळा मिळावी म्हणून तिथल्या काही भागांत ‘एका छताखाली दोन शाळा’ अशी तात्पुरती सोय करण्यात आली : इमारत एक, पण क्रोएट (बहुतांश कॅथॉलिक) आणि बोस्नियाक (बहुतांश मुस्लिम) मुलांचे वर्ग, अभ्यासक्रम, शिक्षक, काही ठिकाणी पाळ्या आणि प्रवेशद्वारेही निराळी. अशा शाळांची संख्या पन्नासच्या वर गेली आणि तात्पुरती सोय दशकानुदशके टिकली. याइत्से गावात विभाजनाचे आणखी एक पाऊल २०१६ मध्ये ठरले, तेव्हा दोन्ही समाजांच्या विद्यार्थ्यांनीच एकत्र येऊन त्याला विरोध केला आणि ती योजना मागे घ्यावी लागली.

आपल्या शहरांमध्येही पालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, उर्दू, हिंदी माध्यमांच्या शाळा भरतात. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मोलाचा आहे आणि बोस्नियातल्या विभाजनाशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण माध्यम वेगळे असले म्हणून परिपाठ, मैदान, ग्रंथालय, विज्ञान प्रदर्शन आणि स्नेहसंमेलनही वेगळे असलेच पाहिजे, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. अशा इमारतीतील दोन मुख्याध्यापकांनी एकदा एकत्र बसून वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवावीत आणि आठवड्यातला निदान एक तास सामाईक करावा.

चौथे पाऊल : हक्काचा पाठ

शाळेचे रिवाज थोडे सुधारले की हक्कांविषयी बोलायला शिक्षकाच्या शब्दाला वजन येते. संविधानाची उद्देशिका परिपाठात वाचली जाते, ती वाचावीच. मात्र अर्थ कळण्यासाठी एखादी खरी, ठिकाण आणि तारीख असलेली घटना घ्यावी. महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याहून चांगला पाठ मला सुचत नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सी. के. बोले यांनी मांडला आणि मुंबई विधिमंडळाने तो १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ मध्ये लागला.

फळ्यावर ही वर्षे लिहून मुलांना विचारावे : हक्क कोणत्या वर्षी मिळाला? १९२३ म्हणणारी, १९२७ म्हणणारी आणि १९३७ म्हणणारी मुले वर्गात निघतील आणि तिन्ही गटांकडे कारणे असतील. त्यानंतर संविधानाचे भेदभावाला मनाई करणारे कलम १५ आणि अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ वाचून दाखवावे. मग शेवटचा प्रश्न विचारावा की आपल्या गावात कागदावर सर्वांसाठी असलेली पण प्रत्यक्षात सर्वांना न वापरता येणारी जागा कोणती. उत्तरात स्मशानभूमी येईल, मंदिराचे आवार येईल, मुलींनी सांगितले तर संध्याकाळचे मैदान येईल. उत्तरे ऐकून शिक्षकाने लगेच खुलासे देऊ नयेत, ती फक्त लिहून घ्यावीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगातील भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द आले, ही गोष्टही याच तासाला सांगावी. शब्द बदलल्याने काय बदलते, हे मुलांना त्यातून पटकन समजते.

पाचवे पाऊल : अवघड इतिहास

गावात घडलेल्या हिंसेवर केव्हातरी बोलावेच लागते. शाळेने मौन पाळले तर मुलांना इतिहास मिळतो तो मोबाइलवरच्या चित्रफितींमधून आणि ओट्यावरच्या गप्पांमधून. रवांडामध्ये हत्याकांडानंतर शाळांतले इतिहासाचे अध्यापन बराच काळ थांबवण्यात आले होते, कारण जुनी मांडणी विषारी होती आणि नवी कशी करावी यावर एकमत नव्हते. थांबणे समजण्यासारखे आहे, पण कायमचे थांबणे परवडत नाही. जर्मनी आणि पोलंड यांचा पाठ्यपुस्तक आयोग १९७२ मध्ये कामाला लागला, त्याच्या शिफारशी १९७६ मध्ये आल्या आणि दोन्ही देशांच्या शाळांसाठीच्या एकाच इतिहासपुस्तकाचा पहिला भाग निघायला २०१६ साल उजाडले. घाई करणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

क्रम असा ठेवावा : आधी दूरचा संघर्ष, मग जवळचा पण जुना, आणि सर्वांत शेवटी आपल्या गावचा. दूरच्यासाठी दक्षिण आफ्रिका घ्यावी. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर तिथे डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग नेमला गेला, त्याच्या सुनावण्या १९९६ मध्ये सुरू झाल्या आणि १९९८ मध्ये आलेल्या अहवालात सत्याचे चार प्रकार सांगितले गेले : पुराव्याने सिद्ध होणारे सत्य, व्यक्तीच्या अनुभवाचे सत्य, चर्चेतून समाजाला गवसणारे सत्य आणि जखम भरून आणणारे सत्य. नववी-दहावीच्या मुलांना ही विभागणी सहज कळते. ‘खरे काय’ यावर वर्गात जे भांडण होते, ते या चार खणांमुळे बरेच निवळते, कारण कोण कोणत्या खणातले बोलत आहे हे मुलांना दिसू लागते.

जवळच्या पण जुन्यासाठी मराठवाड्यातले शिक्षक नामांतराचा विषय घेऊ शकतील. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला, पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, आणि विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. ठरावाचा मजकूर, त्या वेळच्या वर्तमानपत्रांची कात्रणे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी अशी तीन प्रकारची साधने गोळा करता येतात. मुंबईतल्या शिक्षकांना डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींसाठी श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातली माहिती वापरता येईल, ज्यात मृतांची संख्या ९०० नोंदवलेली आहे. असे अधिकृत कागद वर्गात असले की अफवेचा आकडा आणि नोंदीचा आकडा यांतला फरक मुले स्वतःच काढतात.

आपल्या गावच्या घटनेवर बोलताना वहीचे तीन रकाने करावेत. पहिल्यात सर्वांना मान्य असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात वादाच्या गोष्टी आणि त्या कशाने तपासता येतील, तिसऱ्यात कोणाला काय वाटले. सुरुवातीला पहिला रकाना जवळपास रिकामा राहतो. ‘त्या दिवशी बाजार बंद होता’ एवढेच त्यात आले तरी चालेल. शिक्षकाने दोन पथ्ये पाळावीत. हयात आरोपींची किंवा पीडितांची नावे वर्गात घेऊ नयेत. आणि समतोल दाखवण्याच्या नादात हल्ला करणाऱ्याला आणि हल्ला सोसणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण अशा तासाला तोंडातून निघू न देणे बरे, कारण जाळलेल्या घराच्या बाबतीत ती बहुधा खोटी असते.

सहावे पाऊल : एकत्र काम

सद्भावना फेरी, एक दिवसाचे सहभोजन, हातात हात घातलेल्या मुलांचे छायाचित्र यांनी वातावरण तेवढ्यापुरते सैल होते. मने जुळण्यासाठी अशा भेटी पुरेशा नाहीत. समाजमानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की भिन्न गटांचा संपर्क उपयोगी पडतो तो चार अटींवर : दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते सहकार्यानेच गाठता यावे आणि वरिष्ठांचा त्याला उघड पाठिंबा असावा. आपल्या कार्यक्रमांना या अटी लावून पाहिल्या तर कुठे कमी पडते हे लगेच कळते. उदाहरणार्थ, दोन मोहल्ल्यांच्या संघांत क्रिकेटचा सामना लावला तर उद्दिष्ट एक उरतच नाही. प्रत्येक संघात दोन्हीकडची मुले मिसळली की ते पुन्हा एक होते.

वर्गात यासाठी एक पद्धत फार उपयोगाची आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरातल्या शाळांत गोरी, काळी आणि लॅटिन वंशाची मुले नव्याने एकत्र आली आणि मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा १९७१ मध्ये एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. ३६ मुलांच्या वर्गाचे सहा-सहाचे मिश्र गट करावेत. ‘आपल्या गावाचे पाणी’ हा विषय घेतला तर त्याचे सहा तुकडे पडतात : पाण्याचे उगम, जुन्या विहिरींचा इतिहास, वाटपाची व्यवस्था, शुद्धीकरण, पाणीपट्टी आणि उन्हाळ्यातली टंचाई. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा मिळतो. मग सर्व गटांतली एकाच तुकड्याची मुले एकत्र बसून तो नीट समजून घेतात आणि आपापल्या गटात परत येऊन इतरांना शिकवतात. चाचणी मात्र सहाही तुकड्यांवर होते. त्यामुळे ज्या मुलाशी बोलायचे नाही असे घरून बजावलेले असते, त्याचे ऐकल्याशिवाय स्वतःला उत्तर लिहिता येत नाही. यासाठी तीन तासिका पुरतात. पहिल्यांदा गोंधळ होतो, काही मुले हटून बसतात. दोन-तीन आठवडे चिकाटी ठेवली की गाडी रुळावर येते. वर्गात एका समाजाची मुले अगदी थोडी असतील, तर त्यांना एकेक करून सहा गटांत विखुरण्यापेक्षा दोघे दोघे मिळून ठेवावे, म्हणजे कोणी एकटे पडत नाही.

संपूर्ण शाळाच एका समाजाची असेल तर उत्तर आयर्लंडकडे पाहावे. तिथे कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांची पहिली एकत्रित माध्यमिक शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये अवघ्या २८ मुलांनिशी सुरू झाली, तीही पालकांच्या पुढाकाराने. आजही अशा शाळांत जाणारी मुले एकूण विद्यार्थ्यांच्या दहा टक्क्यांच्या आतच आहेत. म्हणून दुसरी वाटही काढली गेली : शेजारच्या दोन शाळांनी काही विषय, काही शिक्षक आणि काही तास वाटून घ्यायचे. २०१६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. एका शाळेत प्रयोगशाळा चांगली आणि दुसरीचे मैदान मोठे, अशा गरजेवर उभी राहिलेली देवाणघेवाण नुसत्या सदिच्छेपेक्षा जास्त टिकते. आपल्याकडे एकाच केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या एकाच समूहातल्या, दोन शाळांना केंद्रप्रमुखांच्या मदतीने असे करता येण्यासारखे आहे.

सातवे पाऊल : पालक

या कामाला विरोध होतो आणि तो बहुतेक वेळा भीतीतून होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा असते. कागदावरची ही समिती प्रत्यक्ष भरते का आणि दोन्ही मोहल्ल्यांतल्या स्त्रिया तिथे बोलतात का, हे आधी पाहावे. १९८४ च्या दंगलीने पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या संकटाच्या खूप आधीपासून नियमित भेटत होत्या, हे त्यातले शिकण्यासारखे आहे. पालकसभा फक्त भांडण झाल्यावर बोलावली तर ती निवाड्याची पंचायत होऊन बसते.

कामाचा पडताळा

फरक पडतो आहे की नाही, हे वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणांवरून ओळखू नये. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर तीन नावे लिहायला सांगावीत : प्रकल्प कोणाबरोबर करायला आवडेल? चिठ्ठ्या शिक्षकाने एकट्याने वाचाव्यात आणि कोणाचे नाव कोणी लिहिले याचे बाण कागदावर काढावेत. बहुधा दोन वेगळी जाळी दिसतात, मधे एखाददुसरा बाण. सहा महिन्यांनी तेच पुन्हा करावे. मधले बाण वाढले का, ज्या मुलाकडे एकही बाण येत नव्हता त्याच्याकडे एखादा आला का, ते पाहावे. सोबत गैरहजेरी, शाळा सोडून गेलेली मुले आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांची अदलाबदल यांच्याही नोंदी ठेवाव्यात. ही वही मुलांना, पालकांना किंवा वरिष्ठांना दाखवण्यासाठी नसते, आणि त्यातली नावे बाहेर गेली तर वर्षभराचे काम एका दिवसात मोडते.

शाळेच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत. नुकसानभरपाई, खटले, जळालेल्या घरांची पुनर्बांधणी ही शासनाची आणि न्यायालयाची कामे आहेत. ती रखडली असताना मुलांना ‘विसरा आणि माफ करा’ असे सांगण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. त्याला फार तर अर्ज कसा लिहावा, माहिती अधिकारात काय मागावे, हे मोठ्या मुलांना शिकवता येते, आणि २०११ च्या जाहीरनाम्यातला तिसरा भाग, हक्क बजावण्यासाठीचे शिक्षण, तो हाच.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मात्र एक अडचण दर काही वर्षांनी हमखास येते : हे सगळे बसवलेल्या शिक्षकाची बदली होते. म्हणून निघण्यापूर्वी त्याने कोणत्या घरी जावे लागले, कोणते गट जमले आणि कोणते फसले, पालकसभेत कोणत्या विषयावर आवाज चढतात, हे चार पानांत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे, आणि नव्या शिक्षकाने पहिली हजेरी घेण्यापूर्वी ती चार पाने वाचावीत.